माल्थसचा सिद्धांत आणि आमचा सोलापूर जिल्हा

कांहीं पुस्तकें अशीं असतात कीं, त्यांचा अंमल तीं कधींहि न वाचणाऱ्यांच्या आयुष्यावर चालतो. थॉमस रॉबर्ट माल्थस या इंग्रज धर्मोपदेशकाचा लोकसंख्येवरील निबंध हा त्यांपैकींच एक होय. १७९८ सालीं तो लंडनमध्यें निघाला, तेव्हां सोलापूर मराठी राज्यांत होतें, आणि येथील कुणब्याला अगर साळ्याला त्या पुस्तकाची वार्ताहि असण्याचें कारण नव्हतें. तथापि पुढील सव्वाशें वर्षांत त्या निबंधांतील विचार तीन वेळां आमच्या मुलखांत येऊन पोंचला. एकदां तो शेतसाऱ्याच्या आकड्याच्या रूपानें आला, दुसऱ्यांदा दुष्काळी कामावरील शिध्याच्या मापाच्या रूपानें आला, आणि तिसऱ्यांदा, अगदीं उलट्या अर्थानें, संततिनियमनाच्या चळवळीच्या रूपानें आला. एका ग्रंथकाराचें चरित्र व त्याच्या विचारांचा हा प्रवास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा माझा विचार आहे.

माल्थसचा जन्म १७६६ च्या फेब्रुवारींत इंग्लंडमधील सरे परगण्यांत झाला. बाप डॅनियल हा सुखवस्तु, वाचनवेडा गृहस्थ. मनुष्य स्वभावतः चांगला असून वाईट राज्यपद्धतीनें तो बिघडतो, असें मानणाऱ्या रूसोचा तो भक्त होता. मुलगा कांहीं आठवड्यांचा असतांना रूसो व ह्यूम हे दोघे तत्त्वज्ञ त्याच्या घरीं येऊन गेले होते. जन्मतःच माल्थसचा ओठ व टाळू दुभंगलेला होता आणि त्यामुळें त्याच्या बोलण्यांत दोष राहिला. तरी केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत त्यानें गणितांत नांव मिळविलें आणि १७८८ च्या परीक्षेंत तो नववा रँग्लर झाला. रँग्लर या पदवीचा महिमा आपणां महाराष्ट्रीयांस परांजप्यांमुळें ठाऊकच आहे. पुढें धर्मदीक्षा घेऊन तो सरे परगण्यांतच ओकवुड नांवाच्या एका लहानशा खेड्यांतील देवळांत उपदेशकाचें काम करूं लागला. तेथील वस्ती गरीब शेतमजुरांची होती. ग्रंथांत वाचलेला मनुष्य आणि खेड्यांत पाहिलेला मनुष्य यांतील अंतर त्याच्या ध्यानीं तेथें आलें असल्यास नवल नाहीं.

फ्रान्समध्यें राज्यक्रांति होऊन थोडींच वर्षें लोटलीं होतीं. इंग्लंडांत गॉडविन व फ्रान्सांत काँडोर्से हे विचारवंत सांगत होते कीं, विषमतेच्या संस्था नाहींशा झाल्या म्हणजे मनुष्यजातीच्या सुखास सीमा राहणार नाहीं. डॅनियलला हें पटे, मुलास पटेना. बापलेकांच्या या वादांतूनच निबंध जन्मास आला. पहिल्या आवृत्तीवर कर्त्याचें नांवहि नव्हतें.

त्याचा सिद्धांत अंकगणिताच्या पाटीवर मांडतां येण्यासारखा आहे. आडकाठी नसेल तर माणसांची संख्या दर पंचवीस वर्षांस दुप्पट होते. त्या काळच्या अमेरिकेंतील वसाहतींचा अनुभव त्यानें यास आधार म्हणून घेतला. म्हणजे ती १, २, ४, ८, १६ अशा भूमितिश्रेढीनें वाढते. अन्न मात्र फार तर १, २, ३, ४, ५ अशा गणितश्रेढीनें वाढेल. या हिशेबानें दोनशें वर्षांनीं माणसें २५६ पट होतील, आणि अन्न अवघें ९ पट. अर्थात् इतकीं माणसें वाढणें शक्यच नाहीं. कोणती तरी आडकाठी येणारच. ती दोन प्रकारची असते. रोगराई, युद्ध व दुष्काळ यांनीं मृत्यु वाढतात, हा एक प्रकार. विवाह उशिरा केल्यामुळें जन्म कमी होतात, हा दुसरा. १८०३ सालीं त्यानें मोठी, जवळजवळ नवी अशी दुसरी आवृत्ति स्वतःच्या नांवानें काढली. तींत नॉर्वे, स्वीडन इत्यादि देशांतील आपल्या प्रवासांत गोळा केलेली माहिती घातली, आणि नैतिक संयम, म्हणजे संसार पोसण्याची ऐपत येईपर्यंत अविवाहित व शुद्धाचरणी राहणें, हा तिसरा मार्ग सांगितला. हिंदुस्थानावरहि तींत मजकूर आहे. मनुस्मृतीच्या इंग्रजी भाषांतरावरून त्यानें दाखविलें कीं, या देशाचा धर्मच विवाह व पुत्रप्राप्ति हीं कर्तव्यें मानतो. मग येथें लोकसंख्या अन्नाच्या काठोकाठ असणार आणि दुष्काळ पडणार, यांत आश्चर्य कसलें? हिंदुस्थान त्यानें कधीं पाहिला नाहीं. पण हें वाक्य पुढें ज्यांनीं वाचलें, ते हिंदुस्थानांत राज्य करण्यास निघाले होते.

येथें आमच्या जिल्ह्याचा धागा लागतो. ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या मुलकी अधिकाऱ्यांस येथें पाठविण्यापूर्वीं शिक्षण द्यावें म्हणून एक कॉलेज काढलें. १८०५ सालीं माल्थस तेथें इतिहास व अर्थशास्त्र या विषयांचा अध्यापक झाला. प्रथम हर्टफर्ड येथें व १८०९ पासून हेलीबरी येथें तें कॉलेज भरे. १८३४ च्या डिसेंबरांत मृत्यु येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षें, तो त्याच जागीं होता. पोरांनीं लोकसंख्येच्या इंग्रजी शब्दावरून त्याचें टोपणनांव ‘पॉप’ असें ठेविलें होतें. स्वभावानें तो अत्यंत सौम्य, हंसतमुख व मित्रांस जीव लावणारा होता. वादांत ज्याच्याशीं त्याचें क्वचितच जमे, त्या रिकार्डोशीं त्याची मैत्री अखेरपर्यंत अभंग राहिली. ज्याच्या नांवानें लोक शिव्या मोजीत, तो मनुष्य प्रत्यक्षांत असा होता, हें सांगणें न्यायाचें होईल. शिक्षकाच्या वर्गांतून बाहेर पडलेला विचार पुढें कोठें जातो, हें शिक्षकाच्या हातीं राहत नाहीं. माझें सारें आयुष्य शाळेंत गेलें असल्यामुळें या गोष्टीचा विचार मी पुष्कळदां करितों.

त्याच्या वर्गांतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी म्हणजे रॉबर्ट कीथ प्रिंगल. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. दख्खनचा मुलूख कंपनीच्या हातीं आला. शेतसारा किती घ्यावा, हा प्रश्न दहा वर्षें भिजत पडला होता. १८२८ सालीं पुणें व लगतच्या मुलखाच्या मोजणीचें व साराबंदीचें काम प्रिंगलकडे आलें. माल्थसनें १८१५ सालीं खंडाच्या उपपत्तीवर एक पुस्तिका लिहिली होती आणि रिकार्डोनें तोच विचार अधिक कांटेकोर केला होता. त्याचा सारांश असा: माणसें वाढलीं कीं हलक्या जमिनीहि लागवडीखालीं येतात. मग चांगल्या जमिनींत खर्च वजा जातां जें जास्त उरतें, तेंच खरें भूमीचें भाडें. या शिलकीवर सरकारनें कर बसविला तर कोणाचेंच नुकसान होत नाहीं. कारण कुणब्याची मजुरी व नफा यांस त्याचा धक्का लागत नाहीं.

कागदावर हा विचार किती निर्दोष आहे पाहा. प्रिंगलनें जमिनीची प्रतबंदी केली, प्रत्येक प्रतीचें सरासरी पीक, त्याची किंमत व लागवडीचा खर्च काढविला, आणि जें निव्वळ उत्पन्न येईल त्याचे शेंकडा ५५ सरकारचे, असा दर ठरविला. केवळ उदाहरणादाखल सांगतों. समजा, एका रानांत दहा रुपयांचा जोंधळा झाला व लागवडीस सहा रुपये लागले; निव्वळ उरले चार; त्यांतील सुमारे दोन रुपये तीन आणे सरकारजमा. पण घरच्या बैलांचा खर्च कसा मोजावयाचा? बायकापोरांच्या खुरपणीची मजुरी कोण धरणार? ज्या मुलखांत पांच वर्षांतून दोन वर्षें पाऊस दगा देतो, तेथें सरासरी पीक म्हणजे कोणतें पीक? शिवाय हे आकडे गांवोगांव गोळा करणारे कारकून साहेबांच्या नजरेपलीकडे होते. चुका झाल्या आणि लबाड्याहि झाल्या. त्यांतच धान्याची धारण उतरली. कागदावरची शिल्लक शेतांत नव्हती, तरी वसुली मात्र कागदाप्रमाणें चालली. आमच्या सीमेला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यांत त्याचा परिणाम उघड दिसला. वसुलीसाठीं रयतेचा छळ झाला, जमिनी पड पडल्या आणि कित्येक कुटुंबें घरदार सोडून शेजारच्या संस्थानी मुलखांत निघून गेलीं. ही गोष्ट विरोधकांनीं रचलेली नव्हे. ती सरकारी कागदांतच नमूद आहे.

१८३५ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनीं इंदापुरास नवी पाहणी आरंभिली. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचें गणित बाजूस ठेविलें. जमिनीची प्रत त्यांनींहि पाहिली, पण या गांवानें आजवर खरोखर किती भरलें, किती थकलें व केव्हां रान ओस पडलें, हें पाहून दर उतरविले आणि ते तीस वर्षांसाठीं कायम केले. शेतांत विहीर खणली तरी त्या मुदतींत सारा वाढणार नाहीं, असें अभय मिळालें. पड जमीन पुन्हां नांगराखालीं आली. तीच पद्धत पुढें सोलापुराकडील तालुक्यांतहि लागू झाली. सिद्धांत हरला आणि अनुभव जिंकला, तो असा. मात्र ही तीस वर्षें संपतांच १८६७ पासून दर पुन्हां चढले. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवी संपून कापसाची तेजी ओसरली होती. सारा व सावकार यांच्या कात्रींत सांपडलेल्या पुणें व नगर जिल्ह्यांतील कुणब्यांनीं १८७५ च्या उन्हाळ्यांत सावकारांचीं खतें जाळलीं. आणि पुढच्याच वर्षीं पाऊस पडला नाहीं.

१८७६ चा तो दुष्काळ सोलापूर, विजापूर व नगर या बाजूस फार कडक होता. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी तेथें हातच्या सुताचा पोषाख करून गेले होते. त्याच महिन्यांत लॉर्ड लिटननें सर रिचर्ड टेंपल यास दुष्काळी जिल्ह्यांत पाठविलें. खर्च आंवरणें हा त्या नेमणुकीचा हेतु होता. तीनच वर्षांपूर्वीं याच टेंपलनें बिहारच्या दुष्काळांत ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून लोक वांचविले होते आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका सोसला होता. या वेळीं त्यानें तो ठपका येऊं दिला नाहीं. दिवसभर खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या माणसास एक पौंड धान्य व वर थोडे पैसे, असा हिशेब त्यानें ठरविला. एक पौंड म्हणजे आपल्या मापानें अर्ध्या शेराहूनहि किंचित् कमी. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं हरकत घेतली कीं, एवढ्यावर राबणारें शरीर टिकत नाहीं. आमच्या दख्खनांत हजारों मजूर मजुरी कमी होतांच कामें सोडून निघून गेले, आणि सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारापुढें मांडली. मद्रासेस पुढें तें माप वाढवावें लागलें.

अशा मापामागें केवळ कंजूषपणा नव्हता, एक मनोभूमिका होती. या देशांतील प्रजेची प्रवृत्ति जमिनीच्या पिकापेक्षां अधिक वेगानें वाढण्याची आहे, असें खुद्द लिटननें त्याच वर्षाअखेर आपल्या कायदेकौन्सिलांत सांगितलें. हेलीबरीच्या वर्गांतील धडा साठ-सत्तर वर्षांनीं व्हाइसरॉयच्या तोंडीं आला होता! ज्यास निसर्गाचा नियम मानलें, त्याच्या आड येण्यास मन कचरतें. मग मेलेल्या माणसांची जबाबदारी पावसावर व मेलेल्यांच्याच संततीवर टाकतां येते. १८७६ ते १८७८ या काळांत ब्रिटिश हिंदुस्थानांत पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं, असा सरकारी चौकशीचाच अंदाज आहे. आमच्या जिल्ह्याची वस्ती १८७२ च्या शिरगणतींत ७ लाखांच्या वर होती. १८८१ मध्यें ती सुमारे ५ लाख ८२ हजार भरली. एक लाखाहून अधिक माणसांची ही तूट. त्यांत मेलेले आहेत, मोगलाईंत व वऱ्हाडांत गेलेले आहेत, आणि जीं जन्मासच आलीं नाहींत अशीं मुलेंहि आहेत.

आतां एक प्रश्न विचारावयास हवा. त्या सालीं सोलापुरास अन्न येऊं शकत नव्हतें काय? आगगाडी १८६० मध्येंच सोलापुरास पोंचली होती. रेल्वेनें धान्य येत होतें. आणि दुष्काळाच्या त्या वर्षांत देशांतून गव्हाची परदेशीं निर्यातहि थांबली नव्हती. धान्य होतें, पण धारण अशी चढली होती कीं घेण्यास हातांत पैसा नव्हता. पीक बुडालें म्हणजे केवळ कुणब्याचें नव्हे, तर मजुराचें, साळ्याचें, बलुतेदाराचें उत्पन्नच बुडतें. कापड घेणार कोण आणि मजुरी देणार कोण? १८८० च्या दुष्काळ कमिशननें हें मान्य केलें कीं, लोक मरतात ते मुख्यतः काम व मजुरी बुडाल्यामुळें. त्यावरून पुढें दुष्काळाचे कायदेशीर नियम झाले. सुमारे शंभर वर्षांनीं, १९८१ सालीं, प्रा. अमर्त्य सेन यांनीं हाच मुद्दा शास्त्रशुद्ध रीतीनें जगापुढें मांडला. आणि दादाभाई नौरोजींनीं तर १८७६ सालींच म्हटलें होतें कीं, ज्या देशाची संपत्ति बाहेर वाहून नेली जाते, त्यास लोकसंख्या जास्त झाल्याचा दोष देणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें आहे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांतील आपल्या व्याख्यानांत इंग्रजी अर्थशास्त्राचीं गृहीतें सर्व देशांस व सर्व काळांस लागू नसतात, असें साधार प्रतिपादिलें. प्रिंगलची इंदापूरची हकीकत ज्यानें पाहिली आहे, त्यास तें पटण्यास विलंब लागत नाहीं.

शिरगणतीचे पुढचे आकडेहि बोलके आहेत. १८९१ मध्यें जिल्ह्याची वस्ती साडेसात लाखांवर गेली. नंतरच्या दोन दुष्काळांनीं ती १९०१ मध्यें पुन्हां सात लाख वीस हजारांच्या आसपास आली. माल्थस असता तर या चढउतारावर बोट ठेवून आपला सिद्धांत खरा ठरला, असें म्हणाला असता. पण याच काळांत सोलापूर शहर मात्र वाढत होतें! १८७७ सालीं, दुष्काळाच्या ऐन मध्यांत, मोरारजी गोकुळदास यांनीं येथें पहिली गिरणी काढली. पुढें नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले व त्यांनीं हातमाग मांडले. १९०१ मध्यें शहराची वस्ती ७५ हजारांवर गेली. या लोकांनीं शेतांत एक दाणाहि पिकविला नाहीं, तरी ते जेवले. कारण लुगडें व चादर यांच्या मोबदल्यांत धान्य येतें. माल्थसनें तोंडें मोजलीं. प्रत्येक तोंडाबरोबर दोन हात येतात, हें त्यास ठाऊक होतें, पण त्या हातांस काय काय करतां येईल, याचा अंदाज त्यास करतां आला नाहीं. खुद्द त्याच्या देशांत वाफेचें यंत्र त्याच वेळीं फिरूं लागलें होतें.

आतां तिसरा प्रवेश. माल्थस संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांच्या विरुद्ध होता. त्यास तो अनीति मानी. पण त्याच्या मागून आलेल्यांनीं त्याचें निदान घेतलें आणि औषध बदललें. १८७७ सालीं, म्हणजे आमच्या दुष्काळाच्याच वर्षीं, लंडनमध्यें ब्रॅडलॉ व ॲनी बेझंट यांच्यावर संततिनियमनाचें पुस्तक छापल्याबद्दल खटला झाला, आणि त्यांतून माल्थसच्याच नांवाचें मंडळ निघालें. महाराष्ट्रांत हें काम उचललें प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं. तेहि गणिताचेच प्राध्यापक! १९२१ सालीं लंडनमध्यें मारी स्टोप्स यांनीं केंद्र काढलें, त्याच वर्षीं कर्व्यांनीं मुंबईंत आपलें केंद्र सुरू केलें. या कामापायीं त्यांस विल्सन कॉलेजांतील नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलईंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें व १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत पदरास खार लावून चालविलें. खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडली. पत्नी मालतीबाई यांची त्यांस शेवटपर्यंत साथ होती. १९३८ सालीं डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानें मुंबईच्या कायदेमंडळांत संततिनियमनाचा ठराव आणला. तो संमत झाला नाहीं.

कर्वे व माल्थस यांतील भेद नीट ध्यानांत घ्यावयास हवा. माल्थस लोकसंख्येकडे पाहून मनुष्याकडे वळतो. कर्व्यांची दृष्टि आरंभापासून त्या एका स्त्रीकडे आहे, जिला बाळंतपणामागून बाळंतपण सोसावें लागतें. मूल हवें कीं नको, हें तिनें ठरवावें, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. हा भेद विसरला गेला म्हणजे काय होतें, तेंहि आपण पाहिलें आहे. १९५२ पासून भारत सरकारनें कुटुंबनियोजन हाती घेतलें, तें योग्यच होतें. पण आणीबाणींत आंकडे पुरे करण्यासाठीं माणसें धरून नेलीं गेलीं. १९७६ सालीं तर महाराष्ट्राच्या विधिमंडळानें सक्तीच्या नसबंदीचें विधेयक संमत केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें अमलांत आलें नाहीं, हें आपलें नशीब. १८७७ मध्यें मापांत तोललेला शिधा आणि १९७६ मधील शस्त्रक्रियांचें उद्दिष्ट यांत काळाचें अंतर मोठें आहे. परंतु माणसास आंकड्यांतील एक एकक समजण्याची दृष्टि तीच आहे.

या सर्व वादाची कसोटी आमच्याच जिल्ह्यांत, आमच्यासारख्यांच्या आठवणींत, एकदां लागली. १९७२ सालीं पावसानें पुन्हां तोंड फिरविलें. जिल्ह्याची वस्ती तेव्हां बावीस लाखांवर गेली होती. म्हणजे १८७२ च्या जवळजवळ तिप्पट. त्या काळापेक्षां जिल्ह्याच्या सीमा कांहींशा रुंदावल्या होत्या, हें धरूनहि ही वाढ फार मोठी. माल्थसच्या हिशेबानें पाहिलें तर प्रलयच व्हावयास हवा होता. लोकांचे हाल झाले, जनावरें गेलीं, विहिरी आटल्या, हें सारें खरें. त्या वेळीं मी शाळकरी होतों. गांवोगांवचे लोक रस्त्यावर खडी फोडीत असल्याचें, घरोघर लाल मिलोच्या भाकरी होत असल्याचें आणि मुलांस सुकडी वाटली जात असल्याचें मला चांगलें स्मरतें. ती भाकर कोणास आवडत नसे. पण ती ताटांत होती. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरांत माणसें होतीं. १८७७ सारखा संहार झाला नाहीं. पाऊस दोन्ही वेळां सारखाच रुसला होता. माणसें तिप्पट होतीं. मग फरक कशाचा? काम मागणाऱ्यास काम व मजुरी मिळालीच पाहिजे, हें तत्त्व राज्यकर्त्यांनीं मानलें, आणि मतदारास जाब देण्याचें भय त्यांस होतें. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनीं हेंच तत्त्व पुढें रोजगार हमीचा कायदा झालें. ज्या गोष्टीस निसर्गनियम म्हटलें गेलें, ती पुष्कळ अंशीं राज्यनीति होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोठें शोधावा?

मग माल्थस सर्वस्वीं चुकला काय? असें म्हणणें उतावीळपणाचें होईल. पृथ्वी मोजकी आहे आणि वाढीस हिशेब लागतो, हें त्यानें बजावलें, ही त्याची सेवाच होय. त्याच्या निबंधाचें वाचन १८३८ सालीं डार्विनच्या हातून घडलें आणि जीवोत्पत्तीच्या शास्त्रास दिशा मिळाली, हें प्रसिद्ध आहे. त्याच्या हयातींत जगाची वस्ती शंभर कोटींच्या सुमारास होती. २०२२ सालीं ती आठशें कोटी झाली. तथापि माणसें न मरतां, न धाकदपटशानें, आपण होऊन मुलें कमी होऊं देतील, असें काँडोर्सेनें म्हटलें होतें. त्यावर माल्थसचा विश्वास बसला नव्हता. या मुद्द्यावर काळानें काँडोर्सेच्या बाजूनें कौल दिला. महाराष्ट्रांत १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणींत एका स्त्रीस सरासरी २.९ मुलें होत. २०१९-२१ च्या पाहणींत हें प्रमाण १.७ वर आलें. वस्ती स्थिर राहण्यास २.१ लागतात. मुली शाळेंत गेल्या, बालमृत्यु घटले, विवाहाचें वय वाढलें. त्यानें हें घडलें. सक्तीनें नव्हे.

आमच्या जिल्ह्याची वस्ती २०११ मध्यें ४३ लाखांवर गेली होती. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, भीमेचें पाणी अडलें आणि ज्वारीच्या मुलखांत ऊंस उभा राहिला. कारखान्यांच्या चिमण्या तालुक्या-तालुक्यांत दिसूं लागल्या. तरीहि पाऊस कमी झाला कीं उन्हाळ्यांत गांवांस टँकरची वाट पाहावी लागते. येथें कोणी म्हणेल, माणसें फार झालीं. माझें नम्र म्हणणें असें कीं, पाण्याचा हिशेब करतांना तहानलेल्या तोंडांपूर्वीं तें पाणी कोठें जातें, याची मोजदाद व्हावी. माल्थसचा प्रश्न योग्य होता, ‘पुरेल काय?’ पण इंदापुरापासून उजनीपर्यंतचा इतिहास सांगतो कीं, त्या प्रश्नास नेहमीं दुसरा एक प्रश्न जोडून विचारावा लागतो: ‘वांटणी कोण करतो, आणि कोणत्या मापानें?’ पहिला प्रश्न तेवढा विचारला तर दुष्काळांत मेलेला मनुष्यच अपराधी ठरतो. दोन्ही विचारले तर त्या सालच्या एक पौंड शिध्याचा जाब मागतां येतो. शिरगणतीचा पुढील आंकडा आपल्या कानीं येईल तेव्हां श्रोत्यांनीं हे दोन्ही प्रश्न जवळ ठेवावेत, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.